एकवीस दिवसांची सुई

धुळे,
८ एप्रिल १९९४

प्रिय देवचंदभाऊ,

तुझं चार पानी पत्र सोमवारी मिळालं. पानाच्या मधोमध पट्टी धरून रेघ मारलीस, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, आणि वर मथळा दिलास : धातूची झडप की प्राण्याची झडप. अक्षर नेहमीसारखं सुरेख. दहावीच्या पोरांना नोट्स काढून देतोस तशाच मला दिल्यास. ह्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, तुझा भाऊ डॉक्टर व्हायचा तो मास्तर झाला. मीही दोनदा वाचलं, पण मी त्यात दुसरंच काही शोधत होते. माझ्या हृदयाबद्दल तू बावीस मुद्दे लिहिलेस. मंजुळाच्या सुईबद्दल एक ओळ नाही.

तुझ्या पोरीची सुई दोनदा चुकली आहे, भाऊ. वहिनीवर डाफरू नकोस, तिनं तोंड उघडलं नाही. गेल्या महिन्यात मुंबईची तपासणी आटोपून येताना आम्ही चाळीसगावला न उतरता पुढे पाचोऱ्याला तुझ्याकडे आलो, तेव्हा मी स्वतः कार्ड पाहिलं. कपाटात माझी साडी ठेवायला गेले तर खाली अंथरलेल्या पेपराखाली ते सरकवलेलं होतं. शेवटची तारीख चौदा फेब्रुवारी. सात मार्चची जागा कोरी, अठ्ठावीस मार्चची कोरी. मंजुळाला विचारलं तर म्हणाली, पप्पांनी सांगितलंय, बारावीचा पेपर सुटू दे, मग बघू. पोरीला ते खरं वाटतंय. मला वाटलं नाही, कारण त्याच संध्याकाळी तू मला तिच्यासाठी आलेल्या नरडाण्याच्या स्थळाचं कौतुक सांगत बसला होतास. मुलगा कारखान्यात ऑपरेटर, घर स्वतःचं, आईबाप शेतीत, माणसं चांगली. आणि मुलाचा मावसभाऊ पाचोऱ्यातच कंपाउंडर आहे, हे तू नाही सांगितलंस, मंजुळा सहज बोलून गेली. कोणत्या दवाखान्यात, तेही तिनंच सांगितलं. जिथे तिला सुई देतात, तिथेच.

तेव्हा मी गप्प बसले. तुझ्या घराचा जिना चढून आल्यावर माझ्यात भांडायपुरता दम उरला नव्हता. चार पायऱ्यांनंतर थांबावं लागतं, दोन वाक्यांनंतरही थांबावं लागतं. लिहायला मात्र दम लागत नाही, म्हणून आज सगळं लिहून काढते. मध्येच उठून जाऊ नकोस.

तुला वेगळं सांगायला नको, पण तू विसरल्यासारखा वागतोस म्हणून सांगते. मी बारा वर्षांची होते. आधी घसा आला, मग गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा, घोटा उतरला तर मनगट. माय म्हणायची वात आहे, आणि शेकत बसायची. तू तेव्हा जळगावला बी.एस्सी.ला होतास. सुट्टीला घरी आलास, मला बघितलंस आणि दुसऱ्या दिवशी उचलून जळगावला घेऊन गेलास. डॉक्टरांनी छातीला नळी लावून फार वेळ ऐकलं. तुला म्हणाले, सांधे आपोआप बरे होतील, भीती हृदयाच्या झडपांची आहे. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, निदान पंचविशीपर्यंत, आणि एकही चुकवायचं नाही. तोटे विचारशील तर ते मला पाठ आहेत. औषध घट्ट, सुई जाड, दोन दिवस कुल्ला ठणकतो आणि माणूस लंगडतो. क्वचित कुणाला रिॲक्शन येते, म्हणून आधी हातावर थेंबभर टोचून बघतात. फायदा एकच, झडप आहे तशी राहते. परतीच्या गाडीत तू माझ्या वहीच्या मागच्या पानावर हृदय काढलंस, चार कप्पे, मधल्या झडपा, आणि म्हणालास, ही दारं आहेत, एकाच बाजूला उघडतात. मला ते इतकं आवडलं की दुखणं विसरून मी त्यात रंग भरत बसले. तुझ्यासारखा भाऊ कुणाला नाही असं मला वाटायचं. आज हे लिहिताना त्याचाच जास्त राग येतोय. अडाणी माणसानं केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

घरी आल्यावर आबांनी ठरवलं, पाचोऱ्यात सुई घ्यायची नाही. पोरीची जात, उद्या तिला कोण करील? माय मला कुशीत घेऊन म्हणाली, कोनले सांगू नको. म्हणून बोदवड. तिथे चिंधामामा होते. पाचोऱ्यात डॉक्टर असताना तू आणि मी दर तीन आठवड्यांनी पॅसेंजरनं बोदवडला जायचो, मामाला भेटायला. गावातल्या बायका म्हणायच्या, भाचीला मामाचा काय लळा आहे! लळा मामीच्या कळण्याच्या भाकरीचा होता, बाकी सगळा दवाखाना. पाच वर्षांत ऐंशीच्या वर सुया झाल्या असतील. एकदा रुळांवर पाणी आलं म्हणून गाडी बंद होती तर तू मला ट्रकच्या केबिनमध्ये बसवून नेलंस, पण तारीख चुकवली नाहीस. त्या पाच वर्षांत माझी तब्येत उत्तम होती, आखाजीच्या सणाला झोक्यावर बसून मी एका दमात गाणी म्हणायचे. सुईचा फायदा तुझ्या डाव्या बाजूला लिहायचा असेल तर हा लिही.

मग एकोणऐंशी साली ह्यांचं स्थळ आलं. धुळ्याचं, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. ह्यांची थोरली बहीण दिलेली बोदवडला, आणि तिचं घर नेमकं त्या डॉक्टरच्या दवाखान्यासमोर. ज्या गावाला आपण लपायला जात होतो तिथेच सोयरे निघाले. मामा म्हणाले भुसावळला घेऊ. आबा म्हणाले, नको, आता सगळीकडे आपली माणसं भेटतील. शेवटी सगळे तुझ्याकडे बघायला लागले, कारण घरात शिकलेला तू. आणि तू म्हणालास, पाच वर्षं झाली आहेत, चार महिने थांबल्यानं काही होत नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग पुन्हा सुरू करू. तुझा शब्द न् शब्द मला आठवतो, कारण मला आनंद झाला होता. आता कुल्ला ठणकणार नाही एवढंच मला कळलं.

बघायला आले त्या दिवशी तू काय काय केलंस! मी आडावरून पाणी आणतेय असं पाहुण्यांना दिसायला हवं, पण ओझ्यानं मला धाप लागली तर, ह्या भीतीनं तू स्वतः पहाटे घडा भरून परसदाराच्या आडोशाला ठेवलास. मी तिथून दहा पावलं घडा घेऊन आले. मला बजावलंस की प्रश्न विचारतील तर एका शब्दात उत्तर दे, कारण मी घाबरून धापा टाकेन असं तुला वाटत होतं. पाहुण्यांना वाटलं पोरगी मोठी गरीब, कमी बोलणारी. ह्यांना अजून हसू येतं त्याचं. आणि मीही सामील होते, ते काही मी झाकत नाही. ह्यांच्या आईनं विचारलं, कधी आजारपण? मी मान खाली घालून म्हटलं, नाही. सतरा वर्षांची होते, पण खोटं कळण्याएवढी होते.

चार महिन्यांची तीन वर्षं झाली. सासरी कोण सांगणार, आणि सांगितलं तर आधी का नाही सांगितलं ह्याचं काय उत्तर देणार? तू दिवाळीला यायचास, ह्यांच्याशी गप्पा मारायचास, निघताना मला दाराशी हळूच विचारायचास, बरी आहेस ना? मी बरी आहे म्हणायचे. मध्ये एकदा घसा आला, ताप आला, गुडघा सुजला. मी चुलीपुढे बसून गुपचूप शेकला. मग भाकरी थापताना दम लागायला लागला. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सून कामले आळशी शे, घडीघडी बसस. दोन वर्षं मी त्या घरात आळशी म्हणून काढली. मला ते सोपं वाटलं, आजारी म्हणवून घेण्यापेक्षा.

ब्याऐंशीच्या आखाजीला तू मला घ्यायला आलास. सातवा महिना होता. झोका बांधला होता, सगळ्या पोरी आलेल्या, मलाही बसवलं. गाण्याच्या पहिल्या ओळीतच श्वास अडकला. आडवं होता येईना, खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला. तू जीप करून मला धुळ्याला नेलंस, वाटेत माझं डोकं छातीशी धरून बसला होतास आणि रडत होतास, मला सगळं कळत होतं. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, हिला लहानपणी सांधे दुखायचा ताप येऊन गेलाय का? हे म्हणाले, छे, हिला कधी काही नव्हतं. तू तिथेच उभा होतास, भाऊ. खाटेच्या पायथ्याशी. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलास. पोर गेलं. मुलगी होती. मी वाचले ते त्या डॉक्टरांनी नुसतं छातीला नळी लावून ओळखलं म्हणून. ह्यांना खरं कळलं ते पुढे तीन महिन्यांनी, तेही मायेच्या तोंडून. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मुंबईची तिकिटं काढून आले. असा माणूस मला मिळाला हे माझं नशीब, त्यात तुझी हुशारी काही नाही.

त्र्याऐंशीचं ऑपरेशन चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. हृदय बंद न करता, बरगड्यांमधून बोट घालून त्यांनी चिकटलेली झडप मोकळी केली. तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की ही दुरुस्ती आहे, दहा-बारा वर्षांनी झडप पुन्हा आवळेल. अकरा वर्षं मिळाली. त्या अकरा वर्षांत मी सासूबाईंचं आजारपण काढलं, शिवणाचा क्लास चालवला, दर एकवीस दिवसांनी डेपोजवळच्या दवाखान्यात सगळ्यांसमोर सुई घेतली. कुणाचं काही बिघडलं नाही. पण उशीर झाला होता. आता झडप आवळली आहे, वर गळतेही आहे, चुना धरल्यासारखी कडक झाली आहे. तू पेपरातलं कात्रण पाठवलंस, फुग्यानं झडप उघडतात, छाती कापावी लागत नाही. ते मी डॉक्टरांपुढे ठेवलं. म्हणाले, लवचिक झडप असती तर फुगाच केला असता, हिची फाटेल. गोळ्यांनी भागेल का, हेही ह्यांनी विचारलं. लघवीच्या गोळीनं फुप्फुसातलं पाणी उतरतं, झडप उघडत नाही. म्हणजे छाती उघडून झडप बदलायची, ह्याला आता पर्याय नाही.

आणि इथे तुझं पत्र येतं. तुझ्या मते प्राण्याची झडप घ्यावी. फायदा, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर लागत नाही, आणि बाई गरोदर राहू शकते. तोटा, आठ-दहा वर्षांत झिजते, तरुण माणसात त्याहून लवकर. धातूची टिकते, पण रोज गोळी, महिन्याला रक्ताची तपासणी, पालेभाजीसुद्धा मापात, गोळी कमी झाली तर झडपेत गाठ, जास्त झाली तर नाकातून रक्त, आणि गोळीवर असताना मूल नको. सगळं बरोबर लिहिलंस. शेवटी लिहिलंस, ‘तू अजून बत्तीस वर्षांची आहेस, मूल होईल, म्हणून माझं मत प्राण्याच्या झडपेला.’ तुझं मत! मला मूल हवं आहे का हे तू विचारलंस? फुप्फुसातला दाब इतका वाढलाय की झडप कुठलीही बसवली तरी बाळंतपण मला झेपेल का सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, ते मी तुला पाचोऱ्यात सांगितलं होतं. ते तुझ्या उजव्या बाजूला कसं आलं नाही? मला वाटतं तुला तुझी चूक भरून काढायची आहे. माझ्या पोटातून. एक पोर गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं की तुला झोप लागेल. मग दहा वर्षांनी माझी छाती तिसऱ्यांदा उघडली तरी चालेल. नाही भाऊ. मी धातूची घेतेय. डॉक्टरांनी दोन्ही झडपा माझ्या हातात दिल्या, मी त्या उघडून मिटून पाहिल्या. धातूची टिकटिक करते, शांत खोलीत बाहेर ऐकू येते म्हणतात. येऊ दे. कागदावर सही मी केली, शेजारी ह्यांनी केली. पहिल्यांदा माझ्या हृदयाबद्दल मला कुणी विचारलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. विचारत नाही, सांगते. काल मी नरडाण्याला गेले होते. हे सोबत येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. एस.टी.तून उतरून त्यांच्या घरापर्यंत जाताना चार वेळा बसले, एकदा तर पानटपरीच्या फळीवर. मुलाची आई, पार्वताबाई, एकटीच घरी होती. तिनं पाणी दिलं, मी कोण ते सांगितलं, मग चहा ठेवायला उठली तशी मी म्हटलं, आधी ऐका. सगळं सांगितलं. मंजुळाला चौदाव्या वर्षी तोच ताप आला, तिची झडप थोडी दुखावली आहे पण चांगली आहे, दर एकवीस दिवसांनी सुई घेतली तर ती शेतात काम करील, पोरं होतील, म्हातारी होईल. आणि नाही घेतली तर? मी पदर बाजूला करून तिला व्रण दाखवला, छातीखालून पाठीपर्यंत गेलेला. त्या बाईनं तो पाठीपर्यंत वाकून पाहिला. मला वाटलं ओरडेल, घराबाहेर काढेल. तिनं हळूच एवढंच विचारलं, तुम्ही सांगेल व्हतं का, तुमना लगीनमा? मी म्हटलं, नाही. मग ती उठली. दारापर्यंत सोडायला आली, म्हणाली, घरात इचारस आन कळाडस. असं म्हणणारी माणसं पुढे काय कळवतात ते तुला माहीत आहे. स्थळ मोडलं असं समज. मी मोडलं. त्यांनी कदाचित हो म्हटलं असतंही, तू स्वतः जाऊन सांगितलं असतंस तर. ते आता कधी कळणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, मंजुळासाठी. तिला मी स्वतः सांगेन, तू माझ्या वतीनं सांगू नकोस.

ह्या आखाजीला मला घ्यायला येणार नाहीस, हेही मी धरून चालले आहे. तशीही मी तेव्हा दवाखान्यात असेन. ऑपरेशन मुंबईला, सव्वीस तारखेला आहे. रक्ताच्या चार बाटल्या लागतात आणि आपला गट दुर्मिळ, तुझा आणि माझा एकच, बी निगेटिव्ह. गेल्या खेपेला तू दिलं होतंस, टेबलावरून उठून चक्कर येऊन पडलास तरी पुन्हा विचारत होतास, अजून घेता का. ह्या खेपेला डेपोतला एक कंडक्टर आणि वर्कशॉपमधला मगन असे दोघं मिळाले आहेत, बाकीचं हे शोधताहेत. तरी तू ये. चोवीसला निघालास तर पुरे. येताना मंजुळाचं कार्ड घेऊन ये, त्यावर हे पत्र मिळेल त्या आठवड्याची तारीख आणि डॉक्टरांची सही पाहिजे, आणि ती सुई पाचोऱ्यातच, त्या कंपाउंडरसमोर घेतलेली पाहिजे. कार्ड कोरं असेल तर पाचोरा स्टेशनवरूनच परत फिर. तुझं रक्त मी घेणार नाही, भाऊ. आधी मंजुळाची सुई, मग माझी बाटली.

रागावलेली, तरी तुझीच,
पुष्पा